नागपूरच्या महालातील वाडे आणि स्वयंसेवी वारसा-जतन : एक चिकित्सक आकलन

गोषवारा :
नागपूर शहराच्या महाल या जुन्या वस्तीतील वास्तूंचे जतन व्हावे यासाठी गेल्या काही दशकांत स्वयंसेवी संस्था, वास्तुविशारद, इतिहासाचे अभ्यासक आणि हौशी नागरिक यांनी प्रयत्न केले आहेत. या प्रयत्नांमुळे वारशाविषयीची जाणीव वाढली, हे मान्य करावेच लागते. मात्र त्यांचा भर वास्तूची ओळख करून देण्यावर राहिला. वास्तूत राहणाऱ्यांच्या अडचणी त्यांच्या कक्षेबाहेर राहिल्या. त्यामुळे वाड्यांची प्रसिद्धी वाढत असतानाच त्यांची संख्या घटत गेली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : महाल, वाडा, वारसा-सूची, भाडेनियंत्रण, स्वयंसेवी कार्य, लोकसहभाग.

प्रास्ताविक :
‘महाल’ हे नाव ज्या राजवाड्यावरून पडले, तो भोसल्यांचा राजवाडा १८६४ च्या आगीत भस्मसात झाला. काळ्या पाषाणात बांधलेली आणि लाकडी कोरीवकामाने नटलेली ती वास्तू गेली आणि मागे उरले ते तिचे भव्य प्रवेशद्वार. राजवाडा गेला तरी वस्ती राहिली. राजवाड्याच्या आश्रयाने सरदार, कारकून, पुरोहित, सावकार आणि कारागीर यांची जी घरे उभी राहिली, त्यांनीच पुढे दीडशे वर्षे महालाचे रूप टिकवले. म्हणून महालाचा वारसा मुख्यतः राहत्या घरांचा आहे. एखाद्या किल्ल्याचे किंवा समाधीचे जतन आणि राहत्या घराचे जतन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. किल्ल्यात कोणी राहत नाही, त्यामुळे तेथे पहारा आणि डागडुजी पुरते. वाड्यात माणसे राहतात. त्यांना नळ, वीज, वाहनतळ, लग्न झालेल्या मुलासाठी वेगळी खोली आणि विकायची वेळ आली तर योग्य किंमत, हे सर्व हवे असते. हा भेद जतनाच्या चर्चेत पुरेसा लक्षात घेतला गेला आहे काय, हा या लेखाचा मुख्य प्रश्न होय.

महालाची जडणघडण :
देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याने अठराव्या शतकाच्या आरंभी बारा खेडी एकत्र करून नागपूर वसवले, असे मानले जाते. पुढे पहिल्या रघूजी भोसल्यांच्या काळात ते मराठी सत्तेचे केंद्र बनले. १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई झाली. १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. सत्तेचे केंद्र पश्चिमेकडे, सीताबर्डी आणि सिव्हिल लाइन्सकडे सरकले. जुम्मा दरवाजाच्या, म्हणजे आजच्या गांधी गेटच्या आतील महाल हे ‘जुने शहर’ ठरले.

या स्थित्यंतराचा एक परिणाम असा झाला की महालातील घरे मोठ्या प्रमाणावर पाडून पुन्हा बांधण्याचे कारण दीर्घकाळ उद्भवले नाही. कल्याणेश्वर मंदिर, तुळशीबाग, कोतवाली, बडकस चौक, चिटणीस पार्क आणि शुक्रवारी तलाव यांच्या दरम्यानच्या गल्ल्यांतून मराठी नगररचनेचे अवशेष विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकले.

येथील वाड्यांची घडण भूगोलाने ठरवली आहे. नागपूर हे दख्खनच्या काळ्या कातळाच्या पूर्व सीमेवर वसले आहे. जोत्यासाठी काळा पाषाण जवळ उपलब्ध होता आणि मध्य प्रांतातील जंगलांतून उत्तम सागवान येत असे. दगडी जोते, विटा-चुन्याच्या भिंती, दगडी तळखड्यावर उभे केलेले सागवानी खांब, त्यांवरील तुळया व कडीपाट, मधला चौक आणि चौकाभोवतीची ओसरी ही रचना पुण्याच्या वाड्यांशी नाते सांगते. चौकामुळे घरातली तापलेली हवा वर निघून जाते व जाड भिंतींमुळे दुपारची उष्णता खोलीत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. वैशाखात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या शहरात ही रचना गरजेतून आली होती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

या घरांची लिखित साधने मात्र तुटपुंजी आहेत. काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर, रिचर्ड जेन्किन्सचा १८२७ चा अहवाल किंवा यादव माधव काळे यांचा नागपूर प्रांताचा इतिहास या ग्रंथांचे प्रयोजन राज्यकारभार, मोहिमा आणि महसूल यांची मांडणी करणे हे होते. सामान्य वस्तीतील घर कसे बांधले आणि कसे वापरले गेले, याची नोंद घरांनीच ठेवली आहे. घर पडले की पुरावाही जातो. जतनाचा आग्रह केवळ सौंदर्यदृष्टीतून यावा लागत नाही, तो इतिहासलेखनाच्या गरजेतूनही येतो.

स्वयंसेवी प्रयत्नांचे श्रेय :
१९८४ मध्ये भारतीय राष्ट्रीय कला व सांस्कृतिक वारसा न्यास अर्थात इंटॅक या संस्थेची स्थापना झाली. शासकीय संरक्षण नसलेल्या वास्तूंकडे लक्ष वेधणे हे या संस्थेचे देशपातळीवरील महत्त्वाचे कार्य होय. नागपूर शाखेसह विदर्भातील अनेक अभ्यासकांनी वास्तूंची नोंद, छायाचित्रण, व्याख्याने आणि वारसा फेऱ्या यांद्वारे हे कार्य पुढे नेले. राज्य शासनाच्या नियमावलीनुसार नागपुरात वारसा संवर्धन समिती नेमण्यात आली आणि सुमारे दीडशे वास्तू व स्थळांची श्रेणीनिहाय सूची तयार झाली. यामागे अशा जाणकारांचे दीर्घकाळचे विनावेतन श्रम आहेत.

हे श्रेय देताना कृपणता दाखवण्याचे कारण नाही. केंद्रीय पुरातत्त्व कायदा (१९५८) आणि राज्याचा कायदा (१९६०) मुख्यतः प्राचीन स्मारकांचा विचार करतात. दोनशे वर्षांचा राहता वाडा त्यांच्या चौकटीत सहसा बसत नाही. ही पोकळी भरून काढण्याचे काम प्रथम नागरिकांनी केले. स्वयंसेवकांनी बोट दाखवले नसते तर अनेक महिरपी, सज्जे आणि दिंडी दरवाजे कोणाच्या नजरेस न पडता नाहीसे झाले असते.

सूचीची मर्यादा :
तथापि सूची हे साधन आहे आणि प्रत्येक साधनाला स्वतःचा कल असतो. सूचीत नाव घालायचे तर एक वास्तू, एक पत्ता आणि एक श्रेणी लागते. गल्ली, चौक, विहीर, पार आणि एकमेकांना टेकून उभी असलेली दहा घरे यांची मिळून जी वस्ती होते, ती अशा तक्त्यात सहज मावत नाही. परिणामी ठळक वास्तू सूचीत येतात आणि त्यांना अर्थ देणारा परिसर बाहेर राहतो. उच्च न्यायालयाची इमारत, मध्यवर्ती संग्रहालय, रेल्वे स्थानक या सार्वजनिक वास्तूंना एकच मालक असतो, तो शासकीय असतो आणि डागडुजीसाठी त्याच्याकडे निधीची काहीतरी तरतूद असते. महालातील वाड्याला यांपैकी काहीच लागू पडत नाही, तरी दोन्हींसाठी साधन एकच वापरले जाते.

केळीबाग रस्त्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बडकस चौक आणि सी. पी. अँड बेरार महाविद्यालय यांना जोडणाऱ्या या रस्त्याचे विकास आराखड्यानुसार रुंदीकरण करताना कडेची अनेक जुनी घरे व दुकाने तोडण्यात आली. वाहतुकीची कोंडी खरी होती आणि रुंदीकरणाची मागणीही खोटी नव्हती. परंतु विकास आराखड्याच्या नकाशावर रस्त्याची रेषा अनेक वर्षे आधी आखली जाते. त्यावर हरकती घेण्याची कायदेशीर मुदत असते आणि त्या मुदतीत जो बोलतो त्याचेच म्हणणे नोंदले जाते. तोडकाम सुरू झाल्यावर काढलेली छायाचित्रे स्मरणासाठी उपयोगी पडतात, निर्णय बदलण्यासाठी नाही. वारसा-जतनाच्या चळवळीने आराखड्याच्या टेबलावर बसण्यास अधिक महत्त्व द्यावयास हवे होते, अशी टीका येथे करावी लागते.

मालकी आणि भाडे : दुर्लक्षित गाभा :
वाडे का पडतात, या प्रश्नाला ‘लोकांना जाण नाही’ हे उत्तर वारंवार दिले जाते. हे उत्तर सोपे असले तरी अपुरे आहे. विदर्भात १९४९ च्या मध्य प्रांत व वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेशानुसार भाडेकरूस काढण्यापूर्वी भाडेनियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. निर्वासितांच्या आणि टंचाईच्या त्या काळात हा आदेश न्याय्य होता, कारण त्याने असंख्य कुटुंबांना छप्पर दिले. परंतु भाडे गोठले आणि चुना, सागवान व मजुरी यांचे दर वाढत राहिले. वाड्याचे भाडे वाड्याची कौले बदलण्यासही पुरेना. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा दिली. मात्र मूळ भाडेच नाममात्र असल्यावर त्या टक्केवारीतून गळके छप्पर दुरुस्त होत नाही.

दुसरी अडचण सामाईक मालकीची आहे. तीन पिढ्यांनंतर एका वाड्याचे हिस्सेदार नागपूर, पुणे, मुंबई आणि परदेश असे विखुरलेले असतात. मुलींनाही समान हिस्सा देणारी १९९४ ची राज्याची आणि २००५ ची केंद्राची दुरुस्ती सर्वथा स्वागतार्ह आहे. तिच्यामुळे आवश्यक सह्यांची संख्या वाढली, हेही वास्तव आहे. विक्रीच्या कागदावर या सर्वांच्या सह्या मिळवता येतात, कारण प्रत्येकाला रक्कम मिळते. दुरुस्तीच्या कागदावर त्या मिळत नाहीत, कारण प्रत्येकाला रक्कम द्यावी लागते. या एका विषमतेत वाड्याचे भवितव्य दडलेले आहे.

तिसरा घटक म्हणजे महानगरपालिकेची ‘धोकादायक इमारत’ अशी नोटीस. निगा थांबली की लाकूड कुजते, भिंत फुगते आणि अखेरीस नोटीस येते. ती नोटीस मालकाला भाडेकरूपासून आणि महापालिकेला जबाबदारीपासून मोकळे करते. भाडेकरूचा तेवढा निवारा जातो. वारसा-श्रेणी मिळाल्याने या साखळीतील एकही कडी तुटत नाही. उलट बदलास परवानगी घ्यावी लागेल या भीतीने मालक सूचीत नाव येण्यालाच विरोध करतो. या विरोधाला अज्ञान म्हणून हिणवणे हा जतनकार्याचा सर्वांत मोठा दोष आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ज्याच्यावर खर्च लादला जातो त्याने विरोध करणे स्वाभाविक होय.

साहित्य आणि कारागिरी :
जेथे दुरुस्ती होते तेथेही ती अनेकदा घातक ठरते. चुन्याची भिंत श्वास घेते, म्हणजे तिच्यात शिरलेला ओलावा पृष्ठभागातून बाहेर पडू शकतो. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, विटा भुगा होऊ लागतात आणि भिंतीत गेलेली तुळईची टोके कुजतात. सिमेंटने मजबुती आली असे दोन-तीन वर्षे वाटते, नंतर गिलावा विटेसह सुटतो. चुना भिजवणे, मुरवणे, मळणे ही कामे वेळखाऊ आहेत आणि ती जाणणारे गवंडी कमी होत आहेत.

इंटॅकच्या २००४ च्या सनदेत पारंपरिक कारागिरांच्या ज्ञानाला जतनाचा आधार मानले आहे. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन केलेल्या जुन्या वास्तूंच्या संरक्षण-मंडळाचाही आग्रह दिखाऊ जीर्णोद्धारापेक्षा रोजच्या निगेवर होता. आपल्याकडे मात्र वारसा-सप्ताहात व्याख्याता मिळतो आणि पावसाळ्यापूर्वी कौल परतणारा माणूस मिळत नाही. एका वाड्याच्या दृष्टीने या दोहोंपैकी कोणाची अनुपस्थिती अधिक महागात पडते, हे सांगण्याची गरज नाही.

अन्य शहरांचे अनुभव :
महालासारखा पेच अन्य शहरांनाही पडला आहे. मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. तिच्यात वारसा-वास्तूच्या मालकाला न वापरलेला विकास हक्क अन्यत्र हस्तांतरित करण्याची सोय होती, म्हणजे बंधनाबरोबर मोबदल्याचाही विचार होता. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यामागे अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूटसारख्या संस्थेबरोबरच त्या भागातील रहिवाशांच्या संघटनांचा पुढाकार आणि आर्थिक सहभाग होता. त्याच मुंबईत गिरगावच्या खोताच्या वाडीतील जुनी घरे मात्र रहिवाशांचा आवाज जागा असूनही एकेक करून कमी झाली. जमिनीच्या किमतीपुढे केवळ आस्था टिकत नाही, हा त्यातील धडा होय.

अहमदाबादेत १९९६ मध्ये महापालिकेनेच वारसा कक्ष उघडला आणि १९९७ मध्ये पोळांमधून नियमित वारसा फेरी सुरू केली. २०१७ मध्ये ते शहर जागतिक वारसा यादीत गेले. तेथे फेरीमागे महापालिकेचे कायमस्वरूपी कार्यालय होते, हा फरक महत्त्वाचा आहे. पणजीच्या फोंताइन्यास भागात २००० मध्ये स्थापन झालेल्या गोवा हेरिटेज ॲक्शन ग्रुपने कलामहोत्सव भरवला तेव्हा रहिवाशांची घरेच कलादालने झाली. पाहुणा घरात आला आणि घरमालक यजमान झाला.

अमेरिकेतील चार्ल्सटन येथे १९२० मध्ये नागरिकांनी जुन्या घरांच्या जतनासाठी संस्था काढली आणि १९३१ मध्ये तेथील नगरपालिकेने संपूर्ण वस्तीला संरक्षण देणारा नियम केला. घरे वाचली, पण वाढत्या किमतींमुळे अनेक गरीब, विशेषतः कृष्णवर्णीय, कुटुंबांना ती वस्ती सोडावी लागली. वास्तू राहिली आणि वस्ती बदलली, हेही अपयशच आहे. ऐतिहासिक नगरांविषयीच्या १९८७ च्या वॉशिंग्टन सनदेने अशा नगरांचे जतन प्रथम तेथील रहिवाशांचा विषय आहे असे मानले, त्यामागे असेच अनुभव होते.

वारसा कोणाचा? :
महालाची चर्चा भोसलेकालीन सरदारी वाड्यांपाशी थांबते, ही आणखी एक उणीव होय. नागपूर ज्या गोंड राजाने वसवले त्याच्या काळाच्या खुणा, तसेच हलबा-कोष्टी विणकरांच्या वस्त्यांतील राहणे आणि माग एका छपराखाली सांभाळणारी घरे, यांचा उल्लेख अपवादानेच होतो. १८७७ मध्ये सुरू झालेली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली आणि तिच्या जागेवर व्यापारी संकुल उभे राहिले. कोरीव खांब नसलेल्या वास्तूलाही इतिहास असतो, हे त्या वेळी पुरेशा जोराने मांडले गेले नाही. तान्ह्या पोळ्याला निघणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक ज्या गल्ल्यांतून जाते, त्या गल्ल्याही वारसाच आहेत. कोणत्या घराला ‘सुंदर’ म्हणायचे हे ज्यांनी ठरवले, त्यांच्या सामाजिक स्थानाची छाया सूचीवर पडलेली दिसते.

महाविद्यालयांची भूमिका :
येथे अध्यापकवर्गाची जबाबदारी येते. नागपूर विद्यापीठाने २०२३ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत वास्तुशास्त्राचा विभाग आहे आणि सी. पी. अँड बेरार महाविद्यालय तर महालातच उभे आहे. तरीही एका गल्लीतील सर्व घरांचे मोजमाप, मालकीची स्थिती, भाडेकरूंची परिस्थिती आणि मौखिक इतिहास एकत्र नोंदवणारे आंतरविद्याशाखीय काम ही आपल्या अभ्यासक्रमाची नित्याची बाब झालेली नाही. वास्तुशास्त्राचा विद्यार्थी नकाशा काढतो, इतिहासाचा विद्यार्थी सनद वाचतो, अर्थशास्त्राचा विद्यार्थी भाड्याचा हिशेब मांडतो आणि विधीचा विद्यार्थी सातबारा व मिळकतपत्रिका तपासतो. हे चौघे एका ओसरीवर बसले तर वाड्याचे खरे चित्र तयार होईल. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी खेड्यातच भरावे असा दंडक नाही. पावसाळ्यापूर्वी जुन्या घरांची छपरे तपासून मालकाला लेखी अहवाल देणे हीसुद्धा सेवाच आहे.

निष्कर्ष :
१. महालातील स्वयंसेवी प्रयत्नांनी वारशाची ओळख निर्माण केली. मात्र ओळख आणि जतन यांत मालकी, भाडे, कारागिरी आणि नगररचना ही चार दालने आहेत. त्यांत प्रवेश केल्याविना चळवळ पुढे जाणार नाही.
२. जतनाचे एकक सुटी वास्तू न मानता गल्ली किंवा चौक मानले पाहिजे. विकास आराखड्यावरील हरकतींच्या टप्प्यातच हस्तक्षेप करणे हे स्वयंसेवकांचे प्राथमिक काम ठरावे.
३. राज्याच्या २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत वारसा-जतनासाठी तरतुदी आहेत. त्या मालकापर्यंत सोप्या मराठीत पोहोचवणे, अर्ज भरून देणे आणि हिस्सेदारांना एकत्र बसवणे ही कामे व्याख्यानापेक्षा अधिक फलदायी ठरतील.
४. चुन्याचे काम जाणणारे गवंडी आणि सुतार यांची नोंद, प्रशिक्षण आणि योग्य मोबदला यांची व्यवस्था झाली नाही, तर निधी मिळूनही दुरुस्ती चुकीचीच होईल.
५. भाडेकरूचा निवारा हिरावून वाचवलेला वाडा हे जतनाचे यश मानता येणार नाही.

१८६४ मध्ये राजवाडा एका आगीत गेला. त्याभोवतीची घरे मात्र गळती, थकलेले भाडे, न झालेल्या सह्या आणि चुकीचा गिलावा यांमुळे संथपणे जात आहेत. आग विझवण्यास धावणारे पुष्कळ असतात. गळती बंद करण्यासाठी दरवर्षी येणारे कार्यकर्ते उभे राहतात की नाही, यावर महालाचे पुढील रूप अवलंबून आहे.